वय झालेला संघ अजिंक्यपद मिळवू शकतो काय?



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा हा कामगार चळवळीतला माणूस आहे, बोनसवर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल, अशी त्यांची समजूत असावी. त्या विषयांवर मी गेली पंचवीस-तीस वर्षे गेटसभांतून बोलत आलो आहे. आज मी फुटबॉलवर बोलायची परवानगी मागून घेतली. माझे शिक्षण दहावीपर्यंत, आणि तेही अर्धवट. पुढे जे काही शिकलो ते पावण्याच्या कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा पंडिती विवेचनाची अपेक्षा कोणी ठेवू नये. मला स्वतःला पडलेला एक प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता माझीच एक चूक माझ्या पदरात पडली. ती शेवटी सांगेन.

प्रश्न असा : ज्या संघातले बहुतेक गडी उतरणीला लागले आहेत, असा संघ अजिंक्यपद मिळवू शकतो काय?

हा प्रश्न मला पडला तो आमच्याच मैदानावर. पावणे गावाभोवतीच्या औद्योगिक वसाहतीत बारा-एक वर्षांपूर्वी कंपन्या-कंपन्यांच्या कामगारांची एक फुटबॉल स्पर्धा होत असे. आमच्या कारखान्याचा संघ तीत उतरे. त्या वर्षी आमच्या अकरा जणांपैकी आठ जण चाळिशी ओलांडलेले होते. कप्तान फिटर, वय ४६. मी उजव्या बाजूचा बॅक, वय ४३. पावसाळ्याचे दिवस, मैदानात घोटाभर चिखल, आणि अंतिम सामन्यात समोर एका नव्या कारखान्यातली, नुकतीच कायम झालेली बाविशी-तेविशीची पोरे. आम्ही उतरलो तेव्हा बाहेरून कोणीतरी ओरडला, "आजोबा, काठी विसरलात!" तो सामना आम्ही एका गोलने जिंकलो. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला आमच्यातले निम्मे लोक जिन्याचा कठडा धरून चढत होते, पण चषक युनियनच्या कचेरीतल्या कपाटावर होता.

आपण जिंकलो कसे, हे तेव्हा आम्हांला नीट कळले नव्हते. पुढे थोडे वाचले, थोडे पाहिले, तेव्हा उमगत गेले.

वय माणसाचे काय नेते, हे प्रथम पाहू. मोठ्या दर्जाच्या सामन्यात मधल्या फळीचा खेळाडू नव्वद मिनिटांत दहा-अकरा किलोमीटर अंतर तोडतो. त्यातले बरेचसे चालणे आणि हलके पळणे असते. जीव खाऊन पळण्याचा भाग थोडा, पण गोल बहुधा त्याच थोड्या भागात होतात. तिशीनंतर प्रथम जाते ती ही पहिल्या चार पावलांची झेप. दुसरी गोष्ट म्हणजे शीण उतरायला लागणारा वेळ. पंचविशीचा गडी तिसऱ्या दिवशी ताजा होतो. पस्तिशीच्या गड्याचा पाय पाचव्या दिवशीही कुरकुरत असतो. दम मात्र, नियमाने सराव ठेवला तर, आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ टिकतो. म्हणून वय सगळ्यांना सारखे गाठत नाही. काठाकाठाने धावणारा विंगर आधी थकतो, मधला बॅक उशिरा, आणि गोलरक्षक सर्वांत शेवटी. इटलीचा गोलरक्षक दिनो झोफ याने १९८२ साली वयाच्या चाळिसाव्या वर्षी कप्तान म्हणून विश्वचषक उचलला.

आता वय काय देते? फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांपैकी चेंडू एका खेळाडूच्या पायाशी असतो तो उणीपुरी दोन-तीन मिनिटे. उरलेला सारा वेळ तो चेंडूवाचून असतो. त्या वेळात कुठे उभे राहायचे, कोणाला आवाज द्यायचा, केव्हा पळायचे आणि केव्हा मुळीच पळायचे नाही, हे ज्याला कळते त्याची निम्मी धावाधाव वाचते. कारखान्यात नवा ऑपरेटर दिवसभर यंत्राभोवती पळत असतो, आणि जुना ऑपरेटर आवाजावरून ओळखून योग्य वेळी एकच व्हॉल्व्ह फिरवतो. तसेच हे आहे. शिवाय आठ-दहा वर्षे एकत्र खेळलेल्या माणसांना एकमेकांकडे पाहावे लागत नाही. आमचा डावा हाफ चेंडू घेऊन वळला की मला मान वर न करता कळे की तो आता कुठे टाकणार. ती ओळख सरावाच्या एका महिन्यात येत नाही.

तेव्हा वयाच्या वजाबाकीबरोबर एक बेरीजही आहे. ही बेरीज कोणत्या स्पर्धेत उपयोगी पडते, हा पुढचा मुद्दा.

सर्वांत गाजलेले उदाहरण ब्राझीलचे आहे. १९५८ साली ब्राझीलने स्वीडनमध्ये विश्वचषक जिंकला. चार वर्षांनी चिलीत पुन्हा स्पर्धा झाली, तेव्हा अंतिम सामन्यात उतरलेल्या अकरांपैकी आठ जण १९५८ च्या अंतिम सामन्यातलेच होते. डाव्या बाजूचा बॅक निल्टन सांतोस ३७ वर्षांचा, दीदी आणि द्जाल्मा सांतोस ३३ वर्षांचे, गोलरक्षक जिल्मार ३१ वर्षांचा. सबंध स्पर्धेत ब्राझीलने १२ च खेळाडू वापरले. आणि १७ जून १९६२ रोजी चेकोस्लोव्हाकियाचा ३-१ असा पराभव करून चषक राखला.

हे साधले कसे, ते पाहण्यासारखे आहे. सामने होते सहा, एकोणीस दिवसांत, मध्ये तीन-तीन, चार-चार दिवसांची विश्रांती. सहा सामने जुने पाय ओढून नेऊ शकतात. दुसरे असे की डाव्या विंगचा झगालो मागे येऊन मधल्या फळीत काम करू लागला. त्यामुळे मागच्या निल्टन सांतोसला आणि मधल्या दीदीला कमी पळावे लागले. वय झालेल्या माणसांचे काम संघाने वाटून घेतले. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे. दुसऱ्याच सामन्यात पेले जखमी झाला. तेव्हा सामन्यात बदली खेळाडू घेण्याची मुभा नव्हती, ती विश्वचषकात १९७० पासून आली. पुढच्या सामन्यापासून त्याच्या जागी आमारिल्दो आला, वय २२. त्याने स्पेनविरुद्ध दोन गोल केले, आणि अंतिम सामन्यात ब्राझील एका गोलने मागे पडला असताना बरोबरीचा गोलही त्याचाच.

दुसरे उदाहरण अलीकडचे. २००७ साली इटलीतल्या मिलान या क्लबने अथेन्समध्ये लिव्हरपूलला २-१ असे हरवून युरोपातल्या क्लबांचे अजिंक्यपद मिळवले. त्या दिवशीच्या अकरांचे सरासरी वय तिशीच्या पुढे होते. कप्तान माल्दिनी ३८ वर्षांचा, दोन्ही गोल करणारा इन्झागी ३३ वर्षांचा. पण सबंध स्पर्धेत संघाचे सर्वाधिक, म्हणजे १० गोल केले ते काकाने, वय २५. अंतिम सामन्यातल्या अकरांत तोच सर्वांत लहान होता. आणि त्याच वर्षी इटलीच्या साखळी स्पर्धेत मिलान चौथा आला. त्याला आठ गुणांचा दंड झाला होता हे खरे, परंतु तो दंड नसता तरी पहिला क्रमांक पुष्कळ दूर होता. बाद पद्धतीत मोजके सामने निवडून जीव ओतता येतो. साखळीत आठवड्यामागून आठवडा तोच जीव पुन्हा लागतो. म्हणून साखळी स्पर्धा हीच वय झालेल्या संघाची खरी कसोटी.

ही कसोटी उतरलेला संघ आपल्या शेजारीच आहे. गोव्याचा डेम्पो. राष्ट्रीय फुटबॉल लीगची दोन अजिंक्यपदे, २००४-०५ आणि २००६-०७, आणि ती स्पर्धा बंद होऊन आय-लीग सुरू झाल्यावर तीन, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. एका क्लबने आठ हंगामांत पाच वेळा देशाचे अजिंक्यपद मिळवले. प्रशिक्षक एकच, आर्मांदो कुलासो, २००० सालापासून. गडी पुष्कळसे गोव्याचेच. शेवटचे अजिंक्यपद आले तेव्हा क्लायमॅक्स लॉरेन्स ३३ वर्षांचे, समीर नाईक आणि महेश गवळी ३२ वर्षांचे, क्लिफर्ड मिरांडा तिशीला टेकलेले. हंगाम चौदा संघांचा, प्रत्येकी २६ सामन्यांचा. ऑक्टोबरपासून मेपर्यंत, कोलकात्यापासून शिलाँगपर्यंत प्रवास. बचाव आणि मधली फळी जुन्या माणसांनी सांभाळली, आणि पुढे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स, वय २५, त्याने एका हंगामात ३२ गोल केले.

आता तिन्ही उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. आमारिल्दो, काका, मार्टिन्स. जुना संघ म्हणून ज्याचे कौतुक होते, त्याच्या पोटात एक-दोन तरुण माणसे जिवापाड धावत असतात. जुन्यांनी त्यांना चेंडू कुठे द्यायचा हे ठरवलेले असते, आणि झेप मात्र त्यांची असते. तेव्हा माझ्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे : होय, वय झालेला संघ अजिंक्यपद मिळवू शकतो. काम वाटून घेतले असेल, विश्रांती मिळत असेल, आणि एखादा तरुण त्याच्या वाट्याचे धावत असेल, तर.

पण मंडळी, गोष्ट इथे संपत नाही. अजिंक्यपदानंतर काय होते?

ब्राझीलचे पाहा. १९६६ साली इंग्लंडमध्ये जिल्मार ३५ वर्षांचा, बेलिनी ३६ वर्षांचा, द्जाल्मा सांतोस ३७ वर्षांचा, आणि गुडघे गेलेला गारिंचा. पूर्वपुण्याईवर ते पुन्हा मैदानात आले. पहिला सामना जिंकला, दुसरा हंगेरीकडून ३-१ असा हरले. मग घबराट झाली. तिसऱ्या सामन्यात पोर्तुगालविरुद्ध अकरांपैकी नऊ जण एकदम बदलले. तोही ३-१ असा हरले आणि घरी गेले. नऊ माणसे एका दिवसात बदलणे याला काम सोपवणे म्हणत नाहीत. रात्रपाळीचा माणूस सकाळच्या पाळीच्या माणसाला यंत्र ताब्यात देताना पाच मिनिटे उभा राहतो, काय बिघडले, काय तापले ते सांगतो. ती पाच मिनिटे ब्राझीलने चार वर्षांत काढली नव्हती.

मिलान पुढच्याच हंगामात आपल्या देशात पाचवा आला आणि युरोपच्या त्या मोठ्या स्पर्धेतला प्रवेश गमावून बसला. डेम्पोचे तर अधिक वाईट झाले. २०१२ मध्ये मार्टिन्स दुसऱ्या क्लबात गेला. २०१३ मध्ये कुलासो गेले. २०१४-१५ च्या हंगामाअखेर, शेवटच्या अजिंक्यपदानंतर अवघ्या तीन वर्षांनी, डेम्पो खालच्या श्रेणीत उतरला. इथे मी न्यायाने बोलले पाहिजे. वय हे त्याचे एकमेव कारण नव्हते. डेम्पोने मधल्या काळात तरुण मुलेही खेळवली होती. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, पैसा आणि लक्ष तिकडे वळले, जुन्या क्लबांचे हंगाम विस्कटले. २०१६ मध्ये डेम्पो दुसऱ्या श्रेणीत पहिला आला, आणि तरीही भारतीय फुटबॉलची पुढची आखणी मान्य नाही म्हणून गोव्याच्या दुसऱ्या दोन क्लबांबरोबर आय-लीगमधून बाहेर पडला. पण एवढे खरे की जे ज्ञान दहा-बारा वर्षे त्याच माणसांच्या अंगात मुरलेले होते, ते दुसऱ्यांच्या अंगात उतरायला जितका वेळ लागतो तितका मिळाला नाही.

आपल्या मुंबईत तर संघांना म्हातारे होण्याचीही सवड मिळत नाही. मुंबईचा फुटबॉल पुष्कळ वर्षे कंपन्यांच्या, गिरण्यांच्या, बँकांच्या आणि रेल्वेच्या संघांनी चालवला. कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, एअर इंडिया, महिंद्र. खेळाडूला नोकरी मिळे, पाय थकले की तो त्याच कचेरीत टेबलावर बसे, आणि संध्याकाळी मैदानावर येऊन नव्या पोरांना दोन शब्द सुनावी. ती नोकरी म्हणजे खेळाडूच्या म्हातारपणाची सोय होतीच, पण संघाच्या शहाणपणाचीही सोय होती. महिंद्र युनायटेडने २००५-०६ चे राष्ट्रीय लीगचे अजिंक्यपद मुंबईला आणले. २०१० मध्ये कंपनीने तो संघ बंद केला. पुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर भर देऊ, असे तिचे म्हणणे होते. शाळकरी मुलांसाठी काही करावे हे चांगलेच. पण सोळाव्या वर्षी त्या मुलाने कोणाच्या शेजारी उभे राहून शिकायचे, हा प्रश्न राहतोच.

सोपवणे नीट झाले तर काय होते, याचीही उदाहरणे आहेत. १९६६ च्या त्या पराभूत ब्राझीलमध्ये जर्सन, तोस्ताँ आणि जैर्झिन्हो ही तरुण मंडळी होती. चार वर्षांनी, १९७० मध्ये, त्यांनीच २९ वर्षांच्या पेलेबरोबर विश्वचषक जिंकला. त्या संघाचा प्रशिक्षक कोण? १९६२ मध्ये डाव्या विंगवरून मागे येऊन थकलेल्यांचे काम उचलणारा झगालो. त्याचे पाय थांबले, पण जे त्याला कळत होते ते बाकावर बसून पुढे गेले. आपल्याकडे डेम्पोच्या क्लिफर्ड मिरांडांनी २०२३ मध्ये ओडिशाच्या संघाला प्रशिक्षक म्हणून सुपर कप मिळवून दिला. समीर नाईक डेम्पोचेच प्रशिक्षक झाले, आणि २०२४-२५ मध्ये डेम्पो पुन्हा आय-लीगमध्ये खेळला.

आणि सोपवणे झालेच नाही तर? सुनील छेत्रींनी जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती घेतली. त्यानंतरच्या इंडियन सुपर लीगच्या हंगामात वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांनी बंगळुरूसाठी १४ गोल केले. कोणत्याही भारतीयाने त्यांच्याइतके गोल केले नाहीत. हे पाहून आपण टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण मार्च २०२५ मध्ये देशाच्या संघाला त्यांनाच पुन्हा बोलवावे लागले, आणि ऑक्टोबरात मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून २-१ असे हरून भारताची २०२७ च्या आशियाई चषकाची आशा संपली. चाळिशीच्या माणसाने सर्वाधिक गोल करावेत यात त्याचा गौरव आहे. त्याच्यामागे कोणी नसावे यात बाकी सगळ्यांची लाज आहे.

आता माझी चूक सांगतो.

आमच्या त्या स्पर्धेत नियम होता की कंपनीच्या कायम कामगारांनीच खेळायचे. कंपनीचे ओळखपत्र दाखवल्याशिवाय नाव नोंदवून घेत नसत. आमच्या कारखान्यात कित्येक वर्षांत नवा कायम कामगार भरलेला नव्हता. नवी पोरे यायची ती कंत्राटदाराच्या हजेरीपटावर. पाळी सुटल्यावर ती आमच्याबरोबर सराव करीत. त्यांतला एक, पॅकिंगमध्ये काम करणारा, वय २१, मला रोज संध्याकाळी तीन-तीनदा चकवून जाई. तो आमच्यात असता तर मला निम्मे पळावे लागले असते. सामन्याच्या दिवशी तो रेषेबाहेर उभा राहून पाण्याच्या बाटल्या सांभाळी. "आजोबा, काठी विसरलात" असे जो ओरडला, त्याच्यावर हाच पोरगा धावून गेला होता.

नियम आमचा नव्हता. पण तो बदला, असे एक पत्र युनियनचा पदाधिकारी म्हणून मी लिहू शकलो असतो. ते मी लिहिले नाही. का? कारण आम्ही जिंकलो होतो. चषक कपाटावर होता. आणि खरे सांगायचे तर त्या पोराला जागा द्यायची म्हणजे आमच्यातल्या एकाला बाहेर बसावे लागणार होते, आणि तो एक बहुधा मीच होतो.

दुसऱ्या वर्षी आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. तिसऱ्या वर्षी दोघांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, एकाचा गुडघा गेला, कप्तानाला रक्तदाबाने मैदान सोडायला लावले. अर्जावर लिहायला अकरा नावे भरेनात. त्या वर्षी संघ उतरला नाही, आणि पुढे कधीच उतरला नाही. तो पॅकिंगमधला पोरगा तोवर कंत्राट बदलल्यामुळे दुसरीकडे कुठेतरी गेला होता.

हे सारे फुटबॉलपुरते असते तर मी आपला एक तास घेतला नसता. त्या वर्षी घरी येऊन मी युनियनच्या सभासदांची वही उघडली. तीतही चाळिशीच्या आतले नाव शोधावे लागत होते. आम्ही करार जिंकत होतो, पगारवाढ मिळवत होतो, आणि दर करारानंतर आमची सरासरी तीन-चार वर्षांनी वाढत होती. जिंकणारा म्हातारा संघ आपल्याच विजयाने आंधळा होतो. हरणाऱ्या संघाला निदान आपले वय तरी दिसते.

तेव्हा माझ्या प्रश्नाचे पुरे उत्तर असे : वय झालेला संघ एकदा जिंकू शकतो, कधी दोनदाही. पण त्या विजयाच्या दिवशीच त्याने मोजायला हवे की आपल्यासाठी कोण धावले, आणि पुढच्या वर्षी त्याला कोणती जागा देणार आहोत.

गेली काही वर्षे आमच्या युनियनमध्ये कंत्राटी कामगारांना सभासद करून घेतो. वर्गणी तीच, मताचा हक्क तोच. कार्यकारिणीत तिशीच्या आतल्यांसाठी दोन जागा ठेवल्या आहेत. त्या देताना जुन्यांपैकी दोघे नाराज झाले, अजूनही आहेत. येत्या पावसाळ्यात पुन्हा फुटबॉलचा संघ उतरवायचा विचार आहे. नावनोंदणीच्या अर्जाबरोबर या वेळी ओळखपत्राच्या नियमाविषयीचे पत्रही जाणार आहे. बारा वर्षे उशीर झाला खरा. मी स्वतः खेळणार नाही. पाण्याच्या बाटल्या सांभाळायचे काम मी मागून घेतले आहे.